केबलवरचं करडांचं मैदान

माझं माहेर साताऱ्याचं, सासर इस्लामपूरजवळच्या एका गावातलं, आणि दोन्हीकडं माझ्याबद्दल मत एकच, की हिच्या जिभेला हाड नाही. नसू दे. पण आज सांगायचंय ते माझ्या जिभेचं नाही, माझ्या सासऱ्यांच्या जिभेचं. त्यांना मी मामा म्हणायची. बाकी सगळं गाव आबा म्हणायचं.

मामा कुस्त्यांचं मैदान पुकारायचे. आमच्याकडं यात्रा म्हणजे कुस्त्या, आणि कुस्त्या म्हणजे आखाड्याच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माईक धरून बसलेला माणूस. मल्ल कोण, कुठल्या गावचा, वस्ताद कोण, आता ढाक लावली का पट काढला, हे सगळं तो सांगतो; मग लांब बाभळीवर चढून बसलेल्यालाही कुस्ती दिसते. अशा माणसाला बोलवायचं तर गावची मंडळी घरी येऊन नारळ-सुपारी देतात. चैत्रात आमच्या देव्हाऱ्यापुढं नारळांची रास लागायची, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा रास सोडाच, चटणीला खोबरंसुद्धा बाजारातून आणावं लागत होतं.

त्याचं कारण मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं. गावात अशा गोष्टी सांगायला माणसं टपलेलीच असतात. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी शेजारच्या गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती लागली होती. एक मल्ल माधवनगरचा, बाविशीतला, बाप सूतगिरणीत. दुसरा कुठला ते जाऊ दे. दोघं धाडकन खाली आले, धुरळा उडाला, आणि मामांना ट्रॉलीवरून वाटलं की माधवनगरच्या पोराचे दोन्ही खांदे टेकले. पंचांचा हात वर व्हायच्या आतच मामा कर्ण्यावरून ओरडले, "चीऽऽतपट!"

एक खांदा टेकलाच नव्हता. पण कर्ण्यावरचा शब्द परत घशात घालता येतो का? लोक आखाड्याच्या हौद्यात घुसले, त्या दुसऱ्याला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडली, फेटा बांधून झाला. पंच "न्हाई, न्हाई" करत राहिले, कोण ऐकतंय! ते पोर थोडा वेळ तिथंच मातीत उभं राहिलं आणि कपडे काखेत मारून मागच्या बाजूनं निघून गेलं. त्यानंतर त्यानं कुस्तीची लांग चढवलीच नाही. बापाबरोबर गिरणीत लागला.

लोक मामांना "उचलली जीभ, लावली टाळ्याला" म्हणू लागले. नारळ यायचे थांबले. मामांनी स्वतःचा माईक फेट्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला. त्या पोराकडं जाऊन "चुकलो" म्हणायचं त्यांच्या मनात रोज यायचं, हे आत्याबाईंना ठाऊक होतं. दोनदा धोतर-सदरा घालून एसटी स्टँडपर्यंत गेले आणि उसाला पाणी सोडायचंय म्हणून परत आले. आणि ते म्हणेपर्यंत माईकला हात लावायचा नाही, हे त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलेलं. मी आले तेव्हा ते घरात दिवसाला दहा शब्द बोलायचे, त्यातले चार म्हशीशी.

आमच्या ह्यांचा केबलचा धंदा होता. माळवदावर मोठी तबकडी, खालच्या खोलीत यंत्रं, आणि तारा कडुनिंबावरून, पेरूवरून, देवळाच्या कळसाला वळसा घालून गावभर गेलेल्या. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेराही होता. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली त्या साली क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडं झाला, त्यामुळं घरोघरी केबल गेली. मग आपण हरलो, आणि माणसं चिडून म्हणायला लागली, आता तुमच्या डबड्यात बघायचं तरी काय? आमचे हे डोकं धरून बसले.

मे महिन्यातली दुपार होती. लेक पाळण्यात झोपली होती म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला होता. परदेशी चॅनलवर जंगलातल्या जनावरांचं काहीतरी लागलं होतं, आणि मामा समोर बसले होते. मी भाकरी थापत होते. बाहेरून पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मला वाटलं जप चाललाय.

"…काळ्यानं मनगट धरलंय… खडाखडी चालू हाय… तांबड्या, बगलंतनं निघ रं, बगलंतनं निघ… आता पट काढतोय बघा मंडळी…"

मी पिठाच्या हातानं दाराआड येऊन उभी राहिले. टीव्हीवर अस्वलाची दोन पिल्लं गवतात लोळत एकमेकांना लोंबकळत होती, आणि आमचे मामा, अगं बाई, त्यांची कुस्ती पुकारत होते! आवाज दबका, पण काय आवाज! तीन वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता. ढोलीतून घुमत यावा तसा यायचा.

"भाकरी जळली की गं!" आत्याबाई मागून ओरडत आल्या. मी त्यांच्या तोंडावर पिठाचा हात ठेवला. त्यांनी ऐकलं, आणि उंबऱ्यावरच बसल्या. पदर डोळ्याला लावला तर पदरालाही पीठ.

माझ्या डोक्यात एकदा किडा वळवळला की मी रात्रीची झोपत नाही. ह्यांना म्हणाले, "आपण घरामागच्या खळ्यात करडांचं आणि कुत्र्याच्या पिल्लांचं मैदान भरवू. तुम्ही शूटिंग करा, मामा पुकारतील. रविवारी दुपारी आपल्या केबलवर लावू."

"खूळ लागलंय तुला," हे म्हणाले. "आबा माईक धरायचे न्हाईत."

"ते माझ्यावर सोडा."

मामांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरले. "माणसांच्या मैदानाला त्वांड दाखवायला जागा न्हाई मला, आन् करडांची पुकारू व्हय गं?"

"मग काय झालं?" मी म्हणाले. "करडं थोडीच जाणार आहेत यात्रा कमिटीकडं तक्रार घेऊन?"

मिशीत काहीतरी हललं. हसले असावेत. संध्याकाळी म्हशीची धार काढता काढता मला म्हणाले, "एक सांगतो पोरी. मुक्या जनावराला झुंजवायचं न्हाई. आपणहून खेळतील त्येवढंच. आन् माईक माझा न्हाई घ्यायचा. ह्याच्या लग्नातला दे." लग्नाच्या शूटिंगचा, म्हणजे. ट्रंक उघडायची नाही, हे त्यांचं अजून कायम होतं. पण बोलायला तयार झाले, तेवढ्यावर मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

खळ्यात लाल माती टाकली. मामांनी स्वतः ती चाळली, तिच्यात ताक, हळद, लिंबू घातलं, जसं खऱ्या हौद्यात घालतात तसं. आत्याबाई म्हणाल्या, "लिंबं लोणच्याची हुती की वं!" आमच्या शेळीची दोन करडं, शेजारच्या कुत्रीची तीन पिल्लं, गल्लीतला एक हलगीवाला, आणि पंच म्हणून शेजारचे मास्तर. करडांच्या गळ्यात रंगीत रिबिनी बांधल्या. आणि मामा बोलायला लागले.

"यिऊन यिऊन यिणार कोन! पांढरा मल्ल, माळावरच्या गावचा, वस्तादांचा लाडका, सकाळचा खुराक हरभऱ्याचा पाला! आन् त्याच्या म्होरं काळा मल्ल, नदीकाठचा, उंचीनं कमी पर कावंबाज!" करडं टणाटण उड्या मारत होती, टकरा घ्यायची सोडून एकमेकांचे कान चाटत होती, आणि मामा "कानाला लागू नगा, पंचांचं लक्ष हाय" म्हणून दटावत होते. एक पिल्लू आपणहून उताणं पडून पोट खाजवून घ्यायला लागलं. मामा गंभीर आवाजात म्हणाले, "मंडळी, ह्या मल्लाला हरल्याचं दुःखच न्हाई. असा गडी तालमीत घिऊ नये." हे कॅमेऱ्यामागं हसले, म्हणून पहिल्या कॅसेटमध्ये तेवढं चित्र हललेलं आहे.

रविवारी दुपारी कॅसेट लावली आणि मी दारात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं गल्लीतल्या घराघरातून एकदमच हसण्याचा आवाज आला. समोरची म्हातारी खिडकीतून ओरडली, "अगं, तुझा सासरा बोलाय लागला की!" माझे डोळे भरून आले. नाकातून पाणी, हातात लाटणं, अशी मी दारात उभी.

सोमवारी सकाळी मात्र चार माणसं अंगणात येऊन उभी राहिली, टोप्या घालून, तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. माळावरच्या गावची होती. आमची चूक काय, तर पुकारायच्या रीतीप्रमाणं मामांनी करडाला गाव लावलं होतं. सवयच ती. आणि पांढरं करडू शेवटी काळ्याच्या खाली सापडलं होतं.

"आबा, आमच्या गावचा मल्ल पडला कसा?" त्यांतला थोरला म्हणाला.

"आवं, ते करडू आमच्या शेळीचं हाय," मामा म्हणाले.

"मग आमचं नाव का लावलं? लावलं ते लावलं, आता आमच्या गावचं खरं करडू घ्या आन् पुन्हा जोड लावा. न्हाईतर नदीकाठची आमाला बाजारात हिंडू देत न्हाईत." आणि खरंच, त्यांच्यातल्या एकाच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेलं करडू होतं. अंगाला तेल लावून चकचकीत केलेलं.

झालं! मग काय विचारता. दर रविवारी नव्या गावचं करडू, नव्या गावचं पिल्लू. कारखान्याची पाळी सुटली की माणसं सायकली दामटत टीव्हीपुढं. कुणी पिल्लाला दूध-भाकरीबरोबर बदाम चारायला लागलं, आणि आपल्या नातवाला मिळत नाहीत ते कुत्र्याला का, म्हणून एका घरात भांडण झालं. बायका शेतात भांगलताना एकमेकींना "काव्यानं घे, काव्यानं" म्हणायच्या. कॅसेटच्या कॉप्या इस्लामपुरात गेल्या, तिथून सांगलीकडच्या केबलवाल्यांनी नेल्या. साताऱ्याहून माझ्या आईचं पत्र आलं, की तुझे सासरे करडांना शिकवतात म्हणे, खरं का?

मामा आता घरातही बोलायला लागले. इतके, की आत्याबाई म्हणायच्या, आदुगरच बरं हुतं. पण नारळ कुणी आणला नव्हता, ट्रंक बंदच होती. एकदा मी कौतुकानं म्हणाले, "मामा, आता तरी काढा तुमचा माईक." तर म्हणाले, "हे खेळण्यातलं हाय पोरी. त्या पोराचं खरं हुतं." आणि उठून गोठ्यात गेले.

मग लोक भांडायला लागले की कॅसेट कापता, आमचं करडू वर असतं तेव्हा नेमकं चित्र बदलतं. ह्यांनी ठरवलं, दसऱ्याला थेट दाखवू, खळ्यातून वायर सरळ खोलीत. नदीकाठ विरुद्ध माळ. मामा घाबरले. मला दिसत होतं ना. कॅसेटमध्ये चुकलं तर पुसता येतं, थेट बोलताना कर्ण्यावरच्यासारखंच. "पंच चांगला बघा," एवढंच म्हणाले.

पंच मी बघितला. कुणाला न सांगता. साताऱ्याच्या आत्येबहिणीकडं जाते सांगून लेकीला कडेवर घेतलं आणि उलट्या दिशेची एसटी पकडून माधवनगर गाठलं. विचारत विचारत घर सापडलं. तो गिरणीतून पाळी संपवून आला होता, केसांत कापसाचे तंतू. खांदे अजून पैलवानाचे. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मान खाली घातली. त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या आणला आणि दारातच उभी राहिली.

"आमी ती कॅसेट बघितली," तो म्हणाला. "आवाज वळकला."

"मग?"

"मग काय वैनी. चांगलं पुकारत्यात. कुत्र्याच्या पिल्लाला बी त्येंनी लगीच चितपट न्हाई म्हटलं. पंचाकडं बघून म्हणत्यात. माझ्या येळंला न्हाई बघितलं त्येंनी तसं."

माझी जीभ, जिला हाड नाही, ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली. कशीबशी म्हणाले, "दसऱ्याला पंच म्हणून या. नाही आलात तरी माझा राग नाही. पण ते दोनदा एसटी स्टँडवरून परत गेलेत, एवढं तुम्हाला माहीत असू दे." त्याच्या आईनं माझ्या लेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. परतीच्या वाटेवर मी सगळ्या देवांना वेठीला धरलं.

दसऱ्याला खळ्याभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. हलगी वाजत होती, दोन्ही गावं आपापल्या बाजूला, करडू आणि पिल्लू दोन्ही गुलालात माखलेली. पंच कोण, म्हणून सगळे मला विचारत होते आणि मी "येतायत, येतायत" म्हणत रस्त्याकडं बघत होते. शेवटी हे म्हणाले, आता शेजारच्या मास्तरांना उभं करू. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि तो आत आला. पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा.

मामा खळ्याच्या कडेला लावलेल्या ट्रॉलीवर होते. पंच कोण ते त्यांनी ओळखलं. माझ्याकडं त्यांनी एकदा बघितलं. मी नजर चुकवून लेकीचं नाक पुसलं, जे स्वच्छच होतं.

त्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मामांकडं बघून मान हलवली. सुरू करा, म्हणून.

मामांनी सुरू केलं. आवाज आधी फाटला, मग बसला. नदीकाठचं काळं करडू उड्या मारत होतं, माळाचं तांबडं पिल्लू त्याच्या पायात घोटाळत होतं. माणसं हसून लोटपोट. आणि मग करडू भुसभुशीत मातीत घसरलं, आडवं झालं, वर पिल्लू चढलं. माळावरचे सगळे एका आवाजात ओरडले, "चितपऽऽट! आबा, म्हणा, चितपट!"

मामा बोलले नाहीत. माईक तोंडापुढं, तोंड उघडं, आणि शब्द नाही. माणसं ओरडतायत, हलगीवाला टिपरू उचलून थांबलाय, घरोघर टीव्हीपुढं बसलेल्यांना वाटलं आवाज गेला. पंच गुडघ्यावर बसला, गाल मातीला लावून त्यानं करडाच्या खांद्याखाली बघितलं, आणि हात आडवा हलवला.

"पंचांचा हात न्हाई!" मामा म्हणाले. "एकच खांदा टेकलाय. कुस्ती चालू!" आणि मग थांबून, त्याच आवाजात, "मंडळी, ह्या पंचांची एक कुस्ती मी खाल्ली. चार वर्सांमागं. त्येंचा बी एकच खांदा टेकला हुता. पंचांचा हात न बघता मी बोललो. चूक माझी हुती. दुसऱ्या कुणाची न्हवं." मग माईक खाली घेतला आणि नुसत्या तोंडानं म्हणाले, "माफ कर रं लेकरा." ते फक्त पुढच्या दोन ओळींना ऐकू आलं. मी पहिल्या ओळीत होते.

खळ्यात कुणी हललं नाही. हललं ते फक्त करडू. ते उठून पंचाच्या फेट्याचा लोंबता शेमला खायला लागलं होतं. पिल्लू मातीत वाटोळं होऊन झोपून गेलं होतं.

तो पैलवान दोघांकडं बघत राहिला. मग त्यानं पिल्लू उचलून करडाशेजारी ठेवलं, दोघांचा एकेक पाय धरून वर केला आणि म्हणाला, "बरोबरीत सोडवली!" माळ हसला, नदीकाठ हसला. तसाच तो ट्रॉलीवर चढला, मामांचा हात धरून वर केला, शेजारी आपला हात वर केला.

"ही बी जोड बरोबरीत सोडवली, आबा," तो म्हणाला.

हलगी अशी वाजली की लेक दचकून रडायला लागली. मीही रडत होते, पण माझ्याकडं कोण बघतंय. घरी आल्यावर आत्याबाईंनी माझा कान धरला. "आत्येभैनीकडं गेलतीस काय गं?" म्हणाल्या, आणि तोच कान कुरवाळला.

पुढच्या चैत्रात माधवनगरच्या तालमीचा नारळ घेऊन तो स्वतः आला. तालमीत तो आता नव्या पोरांना डाव शिकवत होता. मामांनी नारळ कपाळाला लावला, देव्हाऱ्यापुढं ठेवला, आणि विचारलं, "पंच कोन हाय?"

"मीच."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले. आत गेले, आणि आम्हाला ट्रंकेची कडी वाजलेली ऐकू आली.